जिथे गाडी बदलावी लागे

कुर्डुवाडीला उतरलो की आई आधी डाग मोजायची. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा आणि मामांसाठी घेतलेली पिशवी असे पाच डाग, आणि आम्ही दोघी बहिणी मिळून सात. मोजणी जुळली की मोठ्या लाईनच्या फलाटावरून छोट्या लाईनकडे निघायचो. पुण्याहून ज्या गाडीने आलो ती मागे सोलापूरकडे निघून जायची, आणि पुढ्यात बार्शीची छोटी गाडी उभी असायची. तिच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट. नऊ वर्षांची असताना दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून मी उभी राहायचे, आणि आई ओरडायची. गाडी सुटल्यावर खिडकीतून डोके बाहेर काढले तर कोळशाचा कण हमखास डोळ्यात जायचा. मग पदराचा बोळा तोंडाच्या वाफेने गरम करून आई डोळा शेकायची, तोवर बार्शी जवळ आलेली असायची.

पुण्याहून बार्शीला जायचे तर कुर्डुवाडीला गाडी बदलायची, हे आमच्या घरात इतके गृहीत होते की ती का बदलायची हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला तो बदलायची गरज संपल्यावर. मोठी लाईन बार्शीपर्यंत गेली, आणि एकदा मी रात्रीच्या गाडीत झोपले असताना कुर्डुवाडी येऊन गेलेलीही मला कळली नाही. सकाळी बार्शीला उतरल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. हे पुस्तक त्या सकाळपासून माझ्या डोक्यात आहे.

रेल्वेचा इतिहास आपल्याकडे बहुधा उद्घाटनांचा लिहिला जातो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिने, चारशे पाहुणे, एवढे शाळेतली मुलेही सांगतात. गाडी कुठे कधी पोचली याच्या तारखा शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण ती कुठे अडली, का अडली, अडल्यामुळे तिथे काय उभे राहिले आणि अडण्याचे कारण दूर झाल्यावर त्या गावाचे काय झाले, हे विचारायला त्या त्या गावातल्या वयस्कर माणसांच्या ओसरीवरच जावे लागते. मार्ग बदलतात, गाड्या बदलतात, हे सगळेच जाणतात. माझे म्हणणे त्याहून थोडे नेमके आहे. आपल्याकडे लोहमार्ग बदलले ते बहुतेक वेळा कुठला तरी खंड बुजवण्यासाठी. कधी तो खंड डोंगराचा होता, कधी रुळांच्या रुंदीचा, कधी विजेचा, कधी नुसता कागदावरच्या हद्दीचा. आणि जवळजवळ प्रत्येक खंडाच्या काठाला एखादे गाव पोट भरत होते.

पहिला खंड सह्याद्रीचा. १८५६ साली लोहमार्ग घाटाच्या पायथ्याला, खोपोलीला पोचला. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट राहिला. मग पुढची पाच वर्षे मुंबई–पुणे प्रवास असा चालला: खोपोलीपर्यंत आगगाडी, तिथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढून खंडाळा, आणि तिथे पुन्हा आगगाडी. एका प्रवासात दोन गाड्या आणि मध्ये माणसांच्या खांद्यावरचा चढ. त्या पाच वर्षांत खोपोली म्हणजे देश आणि कोकण यांच्या मधला उंबरठा होती. भोई तिथे, तट्टूवाले तिथे, मुक्कामाची सोय तिथे.

एप्रिल १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. पण तो मार्ग खोपोलीतून गेलाच नाही. पळसदरीपाशी खोपोलीची वाट सोडून तो डोंगराला भिडला, आणि खोपोली एका फाट्याचे टोक होऊन राहिली. आजही कर्जतहून लोकल खोपोलीला जाते आणि तिथेच संपते. मुंबईकडून पुण्याला जाणाऱ्या कुणालाही आता खोपोलीला उतरायचे कारण नाही. त्या स्टेशनात उभे राहून मी डोंगराकडे पाहिले तेव्हा मनात आले, की हे स्टेशन चुकीच्या जागी बांधलेले नाही. १८५६ साली हीच बरोबर जागा होती.

घाट खुला झाला म्हणून चढ काही सपाट झाला नाही. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो चढ आहे. सुरुवातीच्या मार्गावर घाटात एके ठिकाणी गाडी थांबवून इंजिन उलट्या बाजूला घ्यावे लागे आणि गाडी आल्या तोंडाची फिरून पुढचा चढ चढे. विजेची इंजिने येण्याच्या सुमारास, १९३० च्या उंबरठ्यावर, नवे बोगदे खोदून ती उलटापालट टाळली. तरी मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना वर ढकलायला मागून जादा इंजिने लागतातच. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. ती कर्जतला जोडतात, आणि जोडेपर्यंत गाडी उभी राहते. कर्जतच्या बटाटेवड्याचे मूळ या सदतिसात एकाच्या चढात आहे. बँकर जोडायला लागणाऱ्या त्या मोजक्या मिनिटांत किती वडे तळून, किती पुडे बांधून, किती खिडक्यांतून आत जाऊ शकतात, याचा हिशेब तिथल्या विक्रेत्यांच्या हाताला आहे. एका विक्रेत्याने मला सांगितले, ‘‘ताई, मागून धक्का बसला की सुटे पैसे सोडायचे. मग खिडकी पुढे जाते.’’ बँकर जोडल्याचा तो हलका हादरा प्रवाशाला जेमतेम जाणवतो. त्याला मात्र तो घड्याळाच्या ठोक्यासारखा ऐकू येतो. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिला बँकर लागत नाही. ती कर्जतला थांबत नाही.

कसारा–इगतपुरीच्या बाजूला हेच विजेच्या बाबतीत झाले. मुंबईची वीज दीड हजार व्होल्टची, एकदिश. इगतपुरीच्या पुढची पंचवीस हजार व्होल्टची, प्रत्यावर्ती. एका जातीचे इंजिन दुसऱ्या तारेखाली चालत नाही. म्हणून इगतपुरीला इंजिन बदलायचे, आणि तेवढ्या वेळात फलाटावर उतरून पाय मोकळे करायचे, थंड हवा घ्यायची, चहा घ्यायचा. दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली, मग २०१५–१६ पर्यंत मुंबईच्या सगळ्या तारांतला जुना प्रवाहच बदलला, आणि इगतपुरी थांब्यांपैकी एक थांबा झाली.

रुळांच्या रुंदीचा खंड मात्र सर्वांत खोल. त्याचे दुखणे महाराष्ट्राने शंभर वर्षांहून जास्त काळ सोसले, म्हणून या पुस्तकातली निम्मी पाने त्याच्याकडे गेली आहेत. लॉर्ड डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांची रुंदी ठरली. ती भक्कम, पण महाग. १८७० नंतर लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत खर्च वाचवायला मीटरगेज आली. आणि जिथे तेही परवडत नव्हते, किंवा जिथे एखाद्या खाजगी कंपनीला कापूस आणि धान्य मोठ्या लाईनपर्यंत आणायचे होते, तिथे अडीच फुटांची नॅरोगेज. प्रत्येक निर्णयामागे त्या वेळचा हिशेब होता. तीन हिशेब एकाच प्रदेशात उतरले, आणि ते जिथे एकमेकांना भेटले तिथे हमालांची गरज निर्माण झाली.

बार्शी हे त्याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे पुण्याहून सोलापूरकडे गेली तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी तिच्या वाटेवर नव्हती. सगळ्यात जवळच्या स्टेशनाला नाव दिले बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. बार्शी आणि बार्शी रोड यांच्यात वीस-बावीस मैल. त्या रस्त्यावर गाड्यांमागे गाड्या बैलांच्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती रहदारी पाहिली आणि तिथे छोट्या रुंदीची रेल्वे बांधायचे मनात घेतले. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे धावू लागली. कॅलथ्रॉपचे डोके असे, की इंजिन काय आणि वाघीण काय, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलके रूळही पुरतात, आणि हलक्या रुळांवरून ऐपतीच्या मानाने भरपूर माल जातो. बार्शीला जमलेले हे गणित तो पुढे इंग्लंडमध्ये घेऊन गेला आणि तिथल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेसाठी वापरले. सोलापूर जिल्ह्यातल्या रुळांवर पारखलेली गोष्ट इंग्लंडच्या खोऱ्यात गेली, याचा मला बार्शीची नात म्हणून अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

१९०६ मध्ये ही लाईन पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे, आणि तिच्या साधारण मध्यावर कुर्डुवाडी. आषाढीला पंढरपूरला जाणारे वारकरी, लातूरचे धान्य, बार्शीचा कापूस, सगळे कुर्डुवाडीला उतरायचे आणि पुन्हा चढायचे. छोट्या वाघिणीतले पोते पाठीवर घेऊन मोठ्या वाघिणीत टाकायचे, दिवसभर. माझ्या आजोळच्या शेजारी राहणारे एक आजोबा त्या कामावर होते. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. गावातली पोरे तो खांदा पाहून त्यांचा धंदा ओळखायची.

१९५४ साली ही कंपनी सरकारने घेतली. मोठी लाईन करायची मागणी त्यानंतर किती निवडणुकांमध्ये झाली, हे मोजायला दुसरे पुस्तक लिहावे लागेल. प्रत्यक्ष काम एकविसाव्या शतकात झाले. आधी पंढरपूर, मग लातूरची बाजू, आणि शेवटी २०१० मध्ये पंढरपूर–मिरज. रुंदी बदलताना मार्गही वळला. छोट्या गाडीच्या काळात लाईन येडशीवरून जायची आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तिच्यापासून दूर राहायचे. मोठी लाईन टाकताना ती शहराजवळून नेली. जवळजवळ शंभर वर्षे रेल्वे जिल्ह्यातून जात होती आणि जिल्ह्याच्या गावाला स्टेशन नव्हते. नकाशावर तो एक बाक आहे. धाराशिवच्या माणसाला तो बाक म्हणजे मुलीच्या शिक्षणाची, दवाखान्याची, कोर्टाच्या कामाची वाट आहे.

कुर्डुवाडीत छोट्या गाडीचा कारखाना अजून आहे. नेरळ–माथेरानच्या गाडीची कामे तिथे होतात. त्या कारखान्याच्या भिंतीशी गेले की अजून कानाला तो जुना आवाज येतो, हलक्या लोखंडाचा.

कुर्डुवाडीपेक्षा मिरज मोठी, आणि तिची कहाणी जास्त गुंतागुंतीची. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढ्याकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधला तो मीटरगेज. मुंबईहून कोल्हापूरला निघालेला माणूस पुण्याला मोठ्या गाडीतून उतरायचा आणि मीटरगेजमध्ये चढायचा. १९२७ मध्ये बार्शी लाईट मिरजेला आली. १९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून सरळ कोल्हापूरला जाऊ लागली. म्हणजे गाडी बदलायचे ठिकाण त्या दिवशी पुण्याहून उठून मिरजेला गेले. मोठी, मधली आणि धाकटी, अशा तिन्ही रुंदीच्या गाड्या एकाच गावात उभ्या राहू लागल्या. गोव्याला, हुबळीला, बेंगळुरूला जायचे तर मिरजेला उतरायचे. पंढरपूरला जायचे तरी मिरजेला उतरायचे.

या काळातली पहाट मला आठवते ती १९७८ च्या आसपासची. आम्ही मंगेशीला कुलदेवतेच्या दर्शनाला निघालो होतो. महालक्ष्मी मिरजेला थांबली आणि सगळा डबा एकदम हलला. कुणी दिवा लावला, कुणी चपला शोधू लागले. फलाटावर लाल डगल्यांचे हमाल गाडी थांबायच्या आधीच पायदानावर चढलेले. बाबांनी एकाला ‘वास्को’ एवढाच शब्द सांगितला आणि त्याने ट्रंक डोक्यावर घेऊन चालायला सुरुवातही केली. आई डाग मोजतच होती. पूल चढताना मी वरून खाली पाहिले. तीन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी, वाफ, कंदील, आणि मालधक्क्यावर पोती एका वाघिणीतून दुसरीत टाकणाऱ्या माणसांच्या उघड्या पाठी. मला वाटले होते, जगातल्या सगळ्या गाड्या इथूनच सुटतात.

नव्वदच्या दशकात एकरुंदीचे धोरण आले आणि मीटरगेजचे दिवस भरले. मिरज–लोंढा, पुढे वास्कोपर्यंत सगळे ब्रॉडगेज झाले. त्याच सुमारास दुसरीकडे कोकण रेल्वे बांधली जात होती. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांची जिद्द आणि ई. श्रीधरन यांची कामाची शिस्त यातून रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर हा मार्ग उभा राहिला, आणि २६ जानेवारी १९९८ ला तो पूर्ण खुला झाला. गोव्याला जाणाऱ्या मुंबईकराला आता मिरज वाटेतच नव्हती. २०१० मध्ये पंढरपूरची छोटी लाईनही गेली. चाळीस वर्षांच्या आत मिरजेला तिन्ही बाजूंनी गाडी बदलायचे कारण उरले नाही. कोकण रेल्वेच्या उत्सवात कोकणातल्या माणसाने किती वर्षे एसटीत उलट्या काढत घाट उतरला होता हे आठवले, की डोळे भरून येतात. मिरजेच्या पुलावर उभे राहून त्याच घटनेकडे पाहिले तर तिचा रंग वेगळा दिसतो. दोन्ही खरे आहे, आणि या पुस्तकात मी दोन्ही ठिकाणी उभी राहिले आहे.

मनमाडचे प्रकरण मी मुद्दाम छोटे ठेवले आहे. निजामाच्या राज्यातून आलेली मीटरगेज तिथे मोठ्या लाईनला मिळायची, आणि मराठवाड्यातून मुंबईला निघालेल्या प्रत्येकाची एक रात्र मनमाडच्या फलाटावर जायची. ब्रॉडगेजसाठी गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाचकाने ते अवश्य वाचावे.

सगळेच खंड बुजतात असे नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही विदर्भातली शकुंतला कापसासाठी जन्मली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते, मग डिझेल आले. आता ती धावत नाही. रुंद करायची मागणी चालू आहे, आणि यवतमाळच्या बाजूला वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचे काम चालू आहे. अकोला–खंडवा मीटरगेजची गोष्ट आणखी निराळी. धूळघाटाजवळ ती लाईन स्वतःभोवती वळसा घालून डोंगर चढायची. पण ती मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून जायची. रुंदीकरणासाठी ती बंद केली तेव्हा जुन्याच मार्गाने जायचे की जंगलाला वळसा घालायचा हा वाद झाला, आणि वळशाच्या बाजूने कौल गेला. मला तो निर्णय योग्य वाटतो. जंगलाच्या काठच्या गावांना रेल्वे लांबच्या वाटेने मिळेल; ती मिळायला लागणारा उशीर मात्र त्यांच्यावर लादू नये एवढेच मागणे.

आता हद्दींविषयी. मार्ग तसाच राहतो आणि गाडीचे टोक बदलते, हे पंजाब मेलइतके कुठेच ठळक नाही. १ जून १९१२ ला ही गाडी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पेशावरला निघाली. आज ती फिरोजपूरला संपते. कुठला पूल वाहून गेला म्हणून किंवा कुठली खाण आटली म्हणून ती तिथे संपत नाही. १९४७ साली मधून एक रेघ ओढली गेली म्हणून संपते. भुसावळच्या फलाटावर तिची वाट पाहणाऱ्या माणसाला यातले काही दिसत नाही. गाडीचे नाव तेच आहे.

त्या मानाने रेल्वेच्या आतल्या हद्दी लहान, पण रोजच्या जगण्याला त्याच जास्त लागतात. सोलापूर विभाग मध्य रेल्वेत होता, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेला, १९७७ मध्ये परत आला. कोल्हापूर–मिरज–पुणे मार्ग हुबळीकडून २००३ मध्ये नव्या पुणे विभागाकडे आला. विभाग बदलला की अर्ज कुणाकडे करायचा ते बदलते, थांबा मागायला कुणाच्या दारात बसायचे ते बदलते. २०१७ मध्ये मुंबई–लातूर एक्सप्रेस बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर आले. बाहेरच्या माणसाला वाटले, गाडी पुढे गेली तर यांचे काय जाते? जाते ते हे: जी गाडी आपल्या गावाहून रिकामी सुटते तीत जागा मिळते; जी मागून भरून येते तीत उभे राहावे लागते. शेवटचे स्टेशन असणे ही लातूरने वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर मिळवलेली गोष्ट होती. बीदरच्या माणसालाही मुंबई हवीच होती. शेवटी आठवड्यातले काही दिवस बीदर, काही दिवस लातूर अशी वाटणी झाली. दादर–रत्नागिरी पॅसेंजर दिव्याला तोडली तेव्हा चाकरमान्यांना लागलेले दुखणे याच जातीचे. गाडी बंद झालेली नसते. आजीला, बोचक्यांना आणि आंब्याच्या पेट्यांना घेऊन दिव्याच्या गर्दीत लोकल गाठावी लागते, एवढाच तो फरक, आणि साठी ओलांडलेल्या माणसासाठी तो पूर्ण प्रवासाएवढा असतो.

मार्च २०२० मध्ये सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा क्रमांकांच्या आधी शून्य होते, कित्येक पॅसेंजर एक्सप्रेसच्या भाड्याने धावू लागल्या, आणि कित्येक लहान स्टेशनांवरचे थांबे परत आले नाहीत. आमच्या ओळखीच्या एका भाजीवालीचा थांबा त्यात गेला. ती आता सहा आसनी रिक्षाने येते. टोपली तीच, भाडे तिप्पट. कोकण रेल्वेवर तर दरवर्षीच एक बदल ठरलेला असतो. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागते, गाड्यांचा वेग उतरतो, अतिवृष्टीत तो ताशी चाळीस किलोमीटरवर येतो. सह्याद्रीने १८५६ मध्ये गाडी अडवली होती, आणि आजही तो आपला हक्क पूर्णपणे सोडायला तयार नाही.

या पुस्तकासाठी फिरताना मला खंड बुजण्याविषयी हळहळ वाटू लागली होती, हे कबूल करते. ती एका घटनेने जागेवर आली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी संपले. मिरजेला कृष्णेचे पाणी वाघिणींत भरले गेले. दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, आणि १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. तो मार्ग म्हणजे आमची बार्शी लाईट, टोकापासून टोकापर्यंत. छोटी लाईन असती तर? पाच टनांच्या आसावर पन्नास हजार लिटरची टाकी चालली नसती. ब्रॉडगेजच्या टाक्या मिरजेहून या वाटेला लागल्याच नसत्या. त्याच्या सहा वर्षे आधी, २०१० मध्ये, ते रूळ रुंद झाले नसते तर त्या एप्रिलमध्ये लातूरकरांनी काय केले असते, हा विचार मला करवत नाही. त्या शेजारच्या आजोबांच्या खांद्याची मला त्या दिवशी आठवण झाली. ते असते तर ती गाडी पाहून त्यांना आनंद झाला असता. कुर्डुवाडीला तिच्यातले काहीही उतरवावे लागले नाही.

म्हणून जुन्या दिवसांचे कौतुक करायला हे पुस्तक लिहिलेले नाही. गाडी बदलण्यात मजा होती ती नऊ वर्षांच्या मुलीला. मध्यरात्री तान्हे मूल आणि पाच डाग सांभाळणाऱ्या तिच्या आईला त्यात काही मजा नव्हती. पण ज्यांच्या हातांनी तो खंड शंभरहून जास्त वर्षे भरून काढला, त्या हमालांना, पॉइंट्समनना, फलाटावरच्या चहावाल्यांना रुंदीकरणाच्या कोनशिलेवर जागा मिळालेली नाही. त्यांच्यासाठी मी पाने राखली आहेत. गावांची नावे त्या त्या काळात होती तशीच ठेवली आहेत, त्यामुळे एकच स्टेशन कधी बार्शी रोड तर कधी कुर्डुवाडी, कधी व्हीटी तर कधी सीएसएमटी म्हणून भेटेल. अंतरे जुन्या प्रकरणांत मैलांत आहेत. ज्यांनी मला त्यांच्या आठवणी सांगितल्या त्यांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

शेवटचे प्रकरण बीडचे आहे, आणि ते अपुरे आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला. २०२२ मध्ये गाडी आष्टीला पोचली, तेव्हा आष्टी शेवटचे स्टेशन होती. १७ सप्टेंबर २०२५ ला ती बीडला आली, आणि आता बीड शेवटचे स्टेशन आहे. परळीपर्यंतचे काम पुरे झाले की बीडही वाटेवरचे गाव होईल. तोवर परळीकडे, अंबाजोगाईकडे जाणारा माणूस तिथे उतरेल, सामान मोजेल आणि एसटी शोधेल. स्टेशनाबाहेर रिक्षा कुठे लागतात, चहाची पहिली टपरी कुणी टाकली, सामान उचलायला कुठल्या गावची पोरे येतात, हे आत्ताच लिहून ठेवायला हवे. पुढच्या महिन्यात मी बीडला जाते आहे.